पाचोळा बाहेर, माती विकत

मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पौड रस्त्याने भूगाव ओलांडून भुकूमकडे आलात, तर कुठल्या ना कुठल्या बंगल्याच्या कुंपणापाशी पाचोळ्याचा ढीग धुमसताना दिसेल. पाऊस तोंडावर आला की त्याच गेटमधून लाल मातीचा टेम्पो आणि खताच्या गोण्या आत जातात. झाडाने फुकट दिलेले खत जाळायचे, मग तेच पैसे मोजून आणायचे, आणि या उद्योगाला ‘गार्डन मेंटेनन्स’ म्हणायचे! या पद्धतीची पाठराखण करणारे गप्प बसणारे नाहीत. त्यांचे काही मुद्दे खरेही आहेत, म्हणून ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा परंपरेचा. ‘मुळशी-मावळात राब भाजतातच की, मग आम्ही चार पाने जाळली तर काय बिघडले?’ युक्तिवाद आकर्षक आहे, पण लागू होत नाही. भाताच्या रोपवाटिकेपुरत्या लहानशा तुकड्यावर शेतकरी शेण, पाला, गवत पसरतो, वर मातीचा थर देतो आणि मग पेटवतो. त्या धगीने तणाचे बी मरते आणि राख त्याच जागी रोपांच्या कामी येते. राबाचेही तोटे आहेत, पण त्यामागे शेतीचा हिशोब असतो. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या आगीमागे फक्त कंटाळा असतो. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच बंदी घातली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवला.

दुसरा मुद्दा, ‘इथे नुसता मुरूम आहे, लाल मातीशिवाय बाग होणारच नाही.’ मुरूम आहे हे खरेच. त्यातही बांधकाम करताना वरची बरी माती उपसली जाते आणि खाली राडारोडा दडपला जातो. पण त्यावर वीतभर लाल माती ओतली की काय होते? उन्हाळ्यात तिची ढेकळे होतात आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत ती गटाराला लागते. रामनदी भुकूमच्या खाटपेवाडी परिसरातच उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाणवरून मुळेला मिळते. आपल्या बागेची माती त्याच वाटेने जाते. ती आलेली असते कुठल्या तरी टेकडीचा उतार खरवडून. म्हणजे एका ठिकाणची टेकडी बोडकी करायची आणि दुसऱ्या ठिकाणचा ओढा गाळाने भरायचा.

मुरमावर माती तयार होते ती वरून खाली. आळ्यात दोन बोटे कंपोस्ट पसरा आणि त्यावर चार बोटे पाचोळा. एक पावसाळा गेल्यावर काठीने पाने बाजूला करून बघा. वरची पाने कुरकुरीत असतात. त्याखालची ओलसर, चाळणीसारखी, फक्त शिरा उरलेली असतात. त्याखाली बुरशीचे पांढरे धागे दिसतात आणि तळाशी काळा, मोकळा भुगा. पावसाच्या पहिल्या सरीला येतो तोच वास त्याला येतो, कारण तो सोडणारे जिवाणू दोन्हीकडे तेच असतात. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना हे आच्छादन सगळ्यांत आधी पटायला हवे, कारण झाकलेल्या मातीतली ओल उघड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. श्री. अ. दाभोळकर आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून हेच सांगत राहिले आणि सुभाष पाळेकरांच्या शेतीपद्धतीतही आच्छादन हा एक मुख्य आधार आहे. शेतकऱ्याने ऐकले. बंगलेवाल्यांना मात्र लँडस्केपवाल्याने विकलेले रंगीत लाकडाचे तुकडे जास्त विश्वासाचे वाटतात.

‘पाचोळ्यात साप येतात, वाळवी लागते.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. वाळलेल्या पानांत घोणस डोळ्यांसमोर असली तरी दिसत नाही. म्हणून पायवाट, दारापुढची जागा आणि मुलांचा खेळायचा कोपरा स्वच्छ ठेवावा आणि पाने हाताने नव्हे, काठीने उलटावीत. भिंतीपासून हातभर जागा मोकळी सोडावी. झाडाचे खोड पानांत गाडू नये, नाहीतर साल कुजते. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी पाचोळ्याखाली लपतात, तेव्हा थर पातळ करावा. एवढे केले की भीतीपोटी अख्खी बाग झाडून काढायचे कारण उरत नाही.

‘कंपोस्टला वास येतो, अळ्या पडतात.’ येतो, कारण स्वयंपाकघरातला ओला कचरा नुसता ड्रममध्ये कोंबलेला असतो. त्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी. पाचोळ्यात बरोबर उलटे. बादलीभर ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या सुकी पाने, मूठभर जुने कंपोस्ट, अधूनमधून उलथापालथ, आणि मुठीत पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतपत ओल. मग वास येत नाही. सोसायटीचा ड्रम घाण मारतो आणि तिचा पाचोळा बाहेर जळतो, हे दोन प्रश्न नाहीत. एकच आहे.

राहिला विकतच्या शहरी कंपोस्टचा मुद्दा. त्यात काचा आणि प्लास्टिक सापडते ही तक्रार रास्त आहे. खत नियंत्रण आदेशाने अशा कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम ठेवली आहे. विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागा. तो नसेल तर ते कंपोस्ट चाळून फुलझाडांना घाला, मेथी-पालकाला नको. पण या तक्रारीतून निष्कर्ष निघतो तो असा, की घरचे कंपोस्ट घरीच करावे. कंपोस्टच नको, असा निघत नाही.

‘दिसायला गबाळे दिसते’ हा शेवटचा आक्षेप आवडीनिवडीचा आहे, त्यावर वाद घालत नाही. फक्त टँकरच्या पाण्यावर वाढवलेली हिरवळ मला तरी भुकूममध्ये शोभत नाही.

पुण्यात अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ सुरू केले, ते ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत त्यांची गाठ घालून देण्यासाठी. शहरातले लोक पानांच्या गोण्या मागून नेतात आणि आपण त्या पेटवतो. तेव्हा बागेच्या कंत्राटाचे नूतनीकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये येईल तेव्हा एक ओळ घालून घ्या : पाचोळा गेटबाहेर जाणार नाही आणि माती गेटच्या आत येणार नाही. कंत्राटदार कुरकुर करील. करू द्या.