‘कोरडा दिवस’ कोणी पाळायचा?

डेंग्यूचा हंगाम आला की महापालिकांची आरोग्यखाती नागरिकांना एक उपदेश न चुकता करतात : आठवड्यातून एकदा घरातील सर्व भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात या उपदेशाची क्रूर थट्टा होते. वस्तीत जलकुंभ उभा आहे, १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर आहे; तरी या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची आठवडा-आठवडा वाट पाहिली. २३ मे २०२२ रोजी याच प्रश्नावर मोर्चा काढणारा पक्ष महिनाभराने राज्यात सत्तेवर आला. नागरिकांच्या घरातले ड्रम मात्र हटले नाहीत. साठवणीवाचून ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घराने कोरडा दिवस पाळायचा कसा? ड्रममध्ये डासाची अळी सापडली की दोष गृहिणीचा, आणि पाणी का येत नाही हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही, असा हा न्याय आहे.

परंतु पाण्यातला हा क्षुद्र जीव आता आणखी मोठ्या अपराधाची साक्ष देऊ लागला आहे. पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लॅस्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. २०१८ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्युलेक्स जातीच्या डासांच्या अळ्यांना दोन मायक्रॉनचे कण असलेल्या पाण्यात वाढविले. अळीने गिळलेले कण कोशात टिकले आणि पंख फुटलेल्या डासाच्या शरीरातही आढळले. म्हणजे पाण्यातला कचरा किड्याच्या पोटातून हवेत उडतो आणि त्याला खाणाऱ्या पाखराच्या, वटवाघळाच्या पोटात जाऊ शकतो. गाळात राहणाऱ्या कायरोनोमस अळ्यांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात अशा कणांमुळे अळ्यांची वाढ खुंटली आणि पंख फुटून बाहेर पडणाऱ्यांची संख्या घटली. वाळूचे खडे जोडून स्वतःभोवती घर बांधणारी कॅडिस माशीची अळी तर आता त्या घरात प्लॅस्टिकचे तुकडे बसवते. नेदरलँड्सच्या संग्रहालयात जपलेल्या १९७१ सालच्या अशा एका घरातही ते सापडले आहेत. अर्धशतकापूर्वी किड्यापर्यंत पोचलेली ही वस्तुस्थिती राज्यकर्त्यांच्या दप्तरी मात्र अद्याप पोचावयाची आहे.

यावर प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले आहे : नागरिकांनी शिस्त पाळावी, पिशवी वापरू नये. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी जाहीर केली आणि जूनपासून पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंड ठेवला. दंडाची पावती पहिल्यांदा कुणाच्या हाती पडते? हातगाडीवरच्या भाजीवालीच्या. कंपन्यांच्या वेष्टनांना मात्र अंमलबजावणी सुरू होताच सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. जो कचरा दुसऱ्याच्या दारात टाकून शहर निश्चिंत होते, तो ऊन-पावसाने झिजून कण होतो आणि ओढ्यानाल्यांतून नदीत उतरतो. खाम नदी गोदावरीकडेच वाहते, आणि शहर पाणी पिते ते गोदावरीवरच्या जलाशयाचे.

‘विकास हवा तर प्लॅस्टिक हवे’ हा दुसरा युक्तिवाद. २०२४ साली बुसान येथील आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत प्लॅस्टिकच्या मूळ उत्पादनावर मर्यादा घालण्यास भारत सरकारने याच आधारे विरोध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही करारावाचून संपली. प्रश्न इतकाच की हा विकास कुणाचा? नफा खनिज तेलाच्या आणि रसायनांच्या कारखानदारांचा, आणि ढिगावर वाकून कचरा वेचण्याचे काम मात्र विमा व निवृत्तिवेतनाला पारख्या असलेल्या दलित-भटक्या स्त्रियांचे! दुधाची पिशवी आणि शाम्पूची पुडी गरिबाने मागितलेली नव्हती. ती त्याच्या हाती देण्यात आली, आणि आता तिचा दोषही त्याच्याच माथी मारण्यात येत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना शिस्तीचे प्रवचन सोबत नेऊ नये, मागण्या न्याव्यात. पुंडलिकनगरासह सर्व वस्त्यांना रोज पाणी मिळावे, म्हणजे ड्रमची गरजच उरणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, भा. मा. १०५०० मध्ये, प्लॅस्टिककणांची मर्यादा अंतर्भूत करावी. जलाशयापासून नळापर्यंतची मोजणी नियमित करून तिचे आकडे जाहीर करावेत. कचरावेचकांना महापालिकेच्या सेवेत सन्मानाने घ्यावे. आणि सर्वांत आधी, वापरून फेकण्याच्या वेष्टनांचे उत्पादन कारखान्यातच रोखावे.

कोरडा दिवस पाळायचाच असेल तर तो प्रथम त्या यंत्रांनी पाळावा. भांडी रिकामी करण्याचा उपदेश करण्यापूर्वी सत्ताधाऱ्यांनी नळाला पाणी सोडावे.