सुट्टी दीड महिन्याची, पण शिकायची संधी कुणाच्या वाट्याला? खेड्यातल्या पोरांच्या उन्हाळ्याचा हिशोब

विशेष विश्लेषण | तालुका प्रतिनिधी, पाथर्डी

२०२५ मध्ये २५ एप्रिलला शेवटचा पेपर, १ मे रोजी निकाल, २ मेपासून सुट्टी. शाळेची घंटा पुन्हा वाजणार होती ती १६ जूनला. म्हणजे पहिली ते नववीच्या पोरांच्या हातात जवळपास दीड महिना होता. नगर शहरात समर कॅम्पचे बोर्ड झळकायला लागलेत. पोहणं, चित्रकला, रोबोटिक्स, इंग्लिश स्पीकिंग, सगळं काही. आणि आपल्याकडं? कांदा काटणी, लग्नाच्या पंगती आणि हातात मोबाईल.

हे कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्या घरी पण तेच आहे. चाळीत कांदा भरायचा असला की पोरं बांधावर लागतातच. पण मागच्या महिन्यात घरात एक गोष्ट घडली आणि डोक्यात बसली.

एका रविवारनं घालवलेली संधी

माझा पुतण्या नववीत आहे. विज्ञानात हुशार. २२ मार्च २०२५ ला, शनिवारी संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर एक इंग्रजी पीडीएफ आली. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम, नववीच्या विद्यार्थ्यांसाठी. अर्जाची मुदत २३ मार्च, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. त्याला मुख्याध्यापकांचा दाखला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. शाळेला कुलूप. फोन केले, धावपळ केली, पण जमलं नाही.

पोरगा एवढंच म्हणाला, "नाना, हे आपल्याला आधी का नाही कळलं? नोंदणी तर महिनाभर चालू होती." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बातम्या देणारा माणूस, आणि माझ्याच घरात बातमी पोचली नाही. आता तो दहावीत जाईल. युविका फक्त नववीला असते. त्याच्यापुरता हा दरवाजा कायमचा बंद झाला.

युविका काय आहे ते सांगतो, म्हणजे काय गेलं ते कळेल. २०१९ पासून इस्रो हा कार्यक्रम घेते. मे महिन्यात साधारण दोन आठवडे पोरांना इस्रोच्या केंद्रात ठेवून घेतात. २०२५ मध्ये १९ ते ३० मे. श्रीहरिकोटा, बेंगळुरू, तिरुवनंतपुरम, अहमदाबाद, हैदराबाद, देहरादून, शिलाँग अशी सात केंद्रं आहेत. शास्त्रज्ञ शिकवतात, प्रयोगशाळा दाखवतात. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च इस्रोचा. निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के वजन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंचायत क्षेत्रातल्या ग्रामीण शाळेत शिकणाऱ्या पोराला वेगळं १५ टक्के वजन. म्हणजे ही योजना बनवताना खेड्यातल्या पोराचा विचार आधीच केलाय. ती खेड्यापर्यंत येताना मध्येच कुठंतरी अडकते.

अडकतं कुठं?

गेले काही दिवस मी चार-पाच गावांत पालकांशी आणि शिक्षकांशी बोललो. तीन गाठी दिसल्या.

पहिली गाठ माहितीची. परिपत्रक जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला, केंद्राहून शाळेला आणि शाळेहून ग्रुपवर येतं. प्रत्येक ठिकाणी दोन-चार दिवस गेले तरी मुदत संपत येते. वर ते इंग्रजीत. पालक 'गुड मॉर्निंग'च्या गर्दीत ते उघडतच नाही.

दुसरी गाठ वेळेची. उन्हाळ्यातल्या संधीचा अर्ज उन्हाळ्यात नसतो, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. त्यावेळी आपल्याकडं गहू-हरभऱ्याची सोंगणी, कांद्याची काढणी चालू असते. आपण सुट्टीचा विचार सुट्टी लागल्यावर करतो. तोवर गाडी निघून गेलेली असते.

तिसरी गाठ कागदाची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारवरचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. सेतूत चार हेलपाटे पडतात. रोज बुडवून कोण जाणार?

यातली एकही गाठ पोराच्या हुशारीची नाही. सगळ्या मोठ्या माणसांच्या कामाच्या आहेत. त्यामुळं सोडवायच्या पण आपणच.

कोयत्याबरोबर गेलेल्या पोरांचं काय?

इस्रोची गोष्ट हुशार पोरांची झाली. त्याहून मोठा प्रश्न आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांत आहे. इथून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. २०२४-२५ च्या हंगामात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, ऊस कमी होता म्हणून बऱ्याच कारखान्यांचे पट्टे मार्चमध्येच पडले. माणसं घरी आली. त्यांच्याबरोबर पोरं पण आली.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आज्जीजवळ राहणाऱ्या पोरांना तिचा आधार होतो. पण सगळी पोरं मागं थांबत नाहीत. लहान भावंडं सांभाळायला मोठी पोरगी बरोबर जातेच. ती चार महिने खोपीवर काढून येते, परीक्षेला बसते, पुढच्या वर्गात जाते. पण मधले चार महिने गेलेत ते गेलेच. जूनमध्ये नवीन पुस्तक सुरू होतं, जुनं राहिलेलं तसंच मागं राहतं. पुन्हा नोव्हेंबरला टोळी निघते.

असल्या पोरांसाठी उन्हाळा ही सुट्टी नाही. मागं राहिलेलं भरून काढायची वर्षातली तेवढीच एक जागा आहे. आणि नेमकी त्याच वेळी शाळा बंद असते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेला 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पोरांमध्ये दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी फक्त २३ आहेत. २०२२ मध्ये हा आकडा १६ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण १०० मधली ७७ अजून मागं आहेत हे पण खरं. त्याच अहवालात १४ ते १६ वयाच्या पोरांना मोबाईलबद्दल विचारलं. १०० मधल्या ८२ जणांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे वाचताना आपल्याच घरातलं पोर डोळ्यापुढं येतं की नाही?

महिनाभरात काय होतं? बिहारचा अनुभव

कुणी म्हणेल, एका महिन्यात काय शिकणार? याचं उत्तर बिहारमध्ये मिळालंय. २००८ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी शिक्षकांनीच 'प्रथम' संस्थेच्या पद्धतीनं महिनाभर उन्हाळी वर्ग घेतले. अभ्यासकांनी पोरं तपासली तेव्हा वाचनात सुधारणा दिसली. गंमत म्हणजे तीच पद्धत नेहमीच्या शाळेत शिक्षकांना देऊन बघितली, तर नुसत्या तेवढ्यानं फारसा फरक पडला नव्हता. या कामाशी जोडलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

असं का झालं? कारण साधं आहे. शाळेत शिक्षकाला पुस्तक पूर्ण करायचं असतं. चौथीच्या वर्गात एक पोर गोष्ट वाचतं, एक पोर अक्षर जोडतं, आणि धडा मात्र दोघांना एकच. उन्हाळी वर्गात इयत्ता बघत नाहीत, पोराला काय येतं ते बघून गट पाडतात. अक्षरवाल्यांचा गट वेगळा, शब्दवाल्यांचा वेगळा, गोष्टवाल्यांचा वेगळा. आपण दावणीला जनावर बांधताना पण वासराला आणि बैलाला सारखी वैरण टाकत नाही.

आपल्या राज्यात पण २०२५ मध्ये 'निपुण महाराष्ट्र'चा कृती कार्यक्रम ५ मार्चपासून ३० जूनपर्यंत जाहीर झाला होता. दुसरी ते पाचवीच्या पोरांना वाचन आणि गणित आलं पाहिजे हा त्याचा हेतू. कागद चांगला आहे. पण ५ मार्च ते ३० जूनमधला दीड महिना शाळा बंद होती. त्या दीड महिन्यात काय करायचं, ते गावानं ठरवलं तरच काही होईल. सगळं शिक्षकांवर ढकलणं पण बरोबर नाही. वर्षभर शिकवून, वरची नाना कामं करून त्यांना पण सुट्टी लागतेच.

गावाला शिबिर जमतं, हे सिद्ध झालंय

आता कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? मी म्हणतो, मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात गावोगाव वारकरी बाल संस्कार शिबिरं होतात, ती कशी होतात? मंदिरात नाहीतर मंगल कार्यालयात पोरं राहतात. कुणी ज्वारी देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी एका दिवसाची पंगत. महाराज पहाटे उठवतात, हरिपाठ पाठ करून घेतात, मृदंग, गायन शिकवतात. महिनाभरात पोरगं चार माणसांत उभं राहून बोलायला लागतं. याला सरकारी रुपया लागत नाही.

म्हणजे जागा आहे, धान्य आहे, शिकवणारा मिळतो आणि पोरं पण येतात. मग त्याच मंडपात सकाळी सात ते नऊ वाचनाचे आणि गणिताचे दोन तास का होऊ नयेत? गावात डीएड, बीएड करून भरतीची वाट बघणारी पोरं-पोरी आहेत. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी आहेत. रोज दोन तास, ३० दिवस म्हणजे ६० तास होतात. ऊन चढायच्या आत पोरं घरी.

पैसे भरून समर कॅम्पला घालायचं असलं तरी घाला, पण आधी विचारा. शिकवणारा कोण? एका बॅचला पोरं किती? महिन्याच्या शेवटी पोराला नेमकं काय यायला लागेल? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पावती फाडू नका.

१ मेच्या ग्रामसभेत मांडा

२०२५ मध्ये १ मे रोजी सकाळी निकाल आणि त्याच दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा. यापेक्षा चांगला योग नाही. चार गोष्टी मांडता येतील.

१. शाळेची एक खोली आणि पिण्याचं पाणी सुट्टीत दोन तास उघडं राहील, असा ठराव. किल्लीची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीनं घ्यावी. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे ती आपलीच आहे.

२. ऊसतोडीवरून आलेल्या पोरांची यादी. आधी त्यांना बसवा.

३. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर मे महिन्यात ते पोरांसाठी रोज उघडं ठेवा. कपाटाला कुलूप लावून पुस्तकं शहाणी होत नाहीत.

४. संधींचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

हे फोटो काढून ठेवा

नवोदय: आपल्या जिल्ह्याचं विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. जूनमध्ये पाचवीत जाणाऱ्या पोरांसाठी. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला. २०२४ मध्ये अर्ज जुलैत सुरू झाले, परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली. मेपासून सराव केला तर हातात बरेच महिने मिळतात.

एनएमएमएस शिष्यवृत्ती: आठवीत जाणाऱ्या सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. परीक्षा २०२४ मध्ये डिसेंबरात झाली. निवड झाली तर वर्षाला १२ हजार, बारावीपर्यंत चार वर्षांचे ४८ हजार. उत्पन्नाचा दाखला मे-जूनमध्येच काढून ठेवा.

इन्स्पायर मानक: सहावीपासून पुढच्या पोरांनी काही नवीन कल्पना सुचवली आणि ती निवडली गेली तर १० हजार रुपये. अर्ज शाळेमार्फत. शेतात रोज अडचणी बघणाऱ्या पोराला कल्पनेची कमी नाही.

युविका: यंदा आठवी संपवून नववीत जाणाऱ्यांनी आत्ताच लिहून ठेवा. २०२५ ची नोंदणी २४ फेब्रुवारी ते २३ मार्च होती. पुढच्या फेब्रुवारीत रोज इस्रोची साइट बघा, ग्रुपची वाट बघू नका.

कॉलेजच्या पोरांसाठी: बाबा आमटेंनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी १५ ते २२ मे दरम्यान असते.

मोबाईलवर फुकट: 'दीक्षा'वर पुस्तकातला क्यूआर कोड लावून व्हिडिओ, 'ई-बालभारती'वर सगळी पाठ्यपुस्तकं, 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टी, आणि मराठी विश्वकोश. रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं.

आणि मामाच्या गावाला जाताना वाट थोडी वाकडी करा. राहुरीचं कृषी विद्यापीठ, हिवरे बाजार, कोंभाळण्याची राहीबाईंची बियाणे बँक, चौंडी, नेवासा, नगरचं वस्तुसंग्रहालय, हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, हे किती पोरांना माहीत आहे?

पोरांनी कांदा काटू नये असं माझं म्हणणं नाही. घरच्या कामातून पण शिकायला मिळतं. पण दिवस मोठा आहे, त्यातले दोन तास पोराचे स्वतःचे असू द्या. पुतण्याला मी सांगितलंय, तुझी संधी गेली, पण गावातल्या आठवीच्या पोरांची यादी तू कर, पुढच्या फेब्रुवारीत त्यांचे अर्ज आपण दोघं भरू. त्यानं वहीत नावं लिहायला सुरुवात केलीय. काल रात्रीपर्यंत अकरा झाली होती.