जाताय शेतावर, तयारी मात्र सहलीची!

दोन आठवडे घरी काढून तो मुलगा आमच्या वॉर्डात दाखल झाला. वय पंचविशीच्या आतबाहेर. ताप संध्याकाळी चढायचा, रात्री अंथरूण घामाने भिजायचे, सकाळी पुन्हा बरे वाटायचे. कंबर इतकी धरलेली की खाटेवरून उठताना आईचा हात लागे. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, म्हणून आम्ही टायफॉइड धरून औषधे सुरू केली. केसपेपरवर मीच लिहिले होते : ‘परदेश प्रवास – ग्रीस, दीड महिना, पर्यटन.’

आठवडाभराने राउंडच्या वेळी आई सहज बोलून गेली, “पर्यटन कसलं डॉक्टर, शेळ्या राखत होता तिथे!” मुलाने मान खाली घातली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. एका सेंद्रिय शेतावर तो राहून-जेवून काम करत होता. व्यायला झालेल्या शेळ्यांना मदत केली होती, उघड्या हातांनी वार उचलली होती, न तापवलेले दूध प्यायला होता. व्हिसा पर्यटकाचा होता. त्यामुळे कोणीही विचारले की ‘फिरायला गेलो होतो’ असेच सांगायची सवय लागली होती. पुढच्या तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. दोन प्रतिजैविके सहा आठवडे घेऊन मुलगा बरा झाला. पण मधला आठवडा वाया गेला. त्यात त्याचा एक शब्द जितका कारणीभूत होता, तितकाच मी न विचारलेला पुढचा प्रश्नही : “तिथे काय काय केलेस?”

परदेशातल्या सेंद्रिय शेतांवर असे काम करायला जाण्याची कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या बाईंनी ती सुरू केली. शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवारी शेतावर राबावे, बदल्यात मुक्काम आणि जेवण मिळावे, एवढीच ती साधी योजना. आज ‘वूफ’ या नावाने ती अनेक देशांत पसरली आहे. साधारणपणे दिवसाला चार ते सहा तास काम असते. आपल्याकडची मुलेही आता जातात, आणि मला ते मनापासून आवडते. स्वस्तात जग बघता येते, मातीत हात जातात, दुसऱ्याच्या घरात राहण्याची शिस्त कळते. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही, तयारीबद्दल आहे.

मुले तयारी करतात ती सहलीची : बॅग, जॅकेट, कॅमेरा, थोडा खाऊ. प्रत्यक्षात ती चालली आहेत शेतमजुरी करायला. आणि शेती सेंद्रिय असली म्हणून निर्धोक होत नाही. फवारणीचे विष तिथे बहुतांशी नसते, हे चांगलेच. पण शेणखत असते, कंपोस्ट असते, जनावरे, विळे, कुदळी, शिड्या असतात. शेतातले जंतू सेंद्रिय की रासायनिक हे बघत नाहीत.

म्हणून पहिली तयारी खरे बोलण्याची. अनेक देशांत राहण्या-जेवण्याच्या बदल्यात केलेले काम हे कामच धरले जाते. न्यूझीलंडमध्ये तर त्यासाठी काम करण्याची मुभा देणारा व्हिसाच लागतो. हा प्रश्न कायद्याचा आहे, तसाच तब्येतीचाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तो काढला की मुले निश्चिंत होतात. परंतु प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत अंगमेहनतीचे काम किंवा यंत्रावरचे काम वगळलेले असते. शिडीवरून पडून हात मोडला आणि ‘ऑलिव्ह उतरवत होतो’ असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून ‘मी शेतावर काम करणार आहे’ हे विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या.

दुसरी तयारी लशींची. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी, खरचटले की इंजेक्शन घेण्याची पद्धत पडली आहे, पण लहानपणीचे डोस पूर्ण झाले आहेत का हे कोणाला आठवत नाही. ते पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी एक डोस पुरतो. मळकी, खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर आणखी एक घ्यावा लागतो. म्हणजे तारीख महत्त्वाची. ती कागदावर लिहून बरोबर न्या.

मध्य युरोप आणि बाल्टिक देशांत गवतातली गोचीड मेंदूज्वराचा विषाणू देऊ शकते. या आजारावर नेमके औषध नाही, लस मात्र आहे. तिचे पहिले दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, म्हणून चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. हीच गोचीड लाइम नावाचा आजारही देते. तो प्रतिजैविकाने बरा होतो, पण ओळखावा लागतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत तिथे हळूहळू पसरणारा चट्टा उठतो. पुस्तकातली चित्रे गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालभडक न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसू शकतो आणि नजरेतून सुटतो. रोज आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, केसांची कड तपासा. गोचीड दिसली तर तेल, काडी, चटका असले उपाय नकोत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात कंपोस्ट आणि कुंडीच्या मातीतून लीजनेला हा जिवाणू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. न्यूझीलंडमध्ये अशा मातीच्या पिशव्यांवर तसा इशारा छापलेला असतो. पिशवी चेहऱ्यापासून लांब धरून उघडा, माती आधी ओली करा, मास्क लावा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका. तिथल्या गोठ्यांत जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसही होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा आजार जवळून पाहिला आहे. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय गोठ्यात उतरू नका. आणि कुठल्याही देशात, कितीही ‘नैसर्गिक’ म्हणून पुढे केले तरी, न तापवलेले दूध पिऊ नका. नकार देणे हा यजमानांचा अपमान नव्हे.

तिसरी तयारी शरीराची. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस पहिल्याच दिवशी चार तास कुदळ मारतो आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. निघण्याआधी महिनाभर गावाकडच्या काका-मामांच्या शेतात राबून पाहा. दमा, मधुमेह, फिट्स किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर यजमानांना आधी कळवा. औषधे पुरेशी न्या आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. काही वेदनाशामके परदेशात निर्बंधित असतात. शेत गावापासून लांब असते, म्हणून पत्ता आणि तातडीचा क्रमांक खिशात ठेवा. युरोपीय संघात तो ११२ आहे, न्यूझीलंडमध्ये १११.

अधूनमधून कोणीतरी माझ्यासमोर कागद सरकवतो, “सर, फिटनेसवर फक्त सही हवी.” आता मी सही करण्याआधी विचारतो, “तिथे नेमके काय करणार?” काही जण बिचकतात. त्यांना सांगतो, मी इमिग्रेशनचा अधिकारी नव्हे. तुम्ही मला सांगाल ते माझ्याकडेच राहील, पण न सांगितलेले तुमच्याच अंगावर येईल.

परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : कोणत्या देशात होतो, कोणती जनावरे हाताळली, काय खाल्ले-प्यायलो. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, केसपेपरवर ‘पर्यटन’ लिहून पेन खाली ठेवू नका. आणखी एक प्रश्न विचारा.