पूल बुडतो तेव्हा दोष एकट्या ड्रायव्हरचा नसतो



आजची नोंद पऱ्हाटीची नाही अन् तुरीचीही नाही. वखरणी झाली, बियाणं घरात येऊन पडलं, पावसाला पंधरा-वीस दिवस बाकी आहेत. म्हणूनच आज रस्त्यावर लिहितो. पूर आल्यावर लिहून उपयोग नसतो. तेव्हा आपण सारे मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसतो.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. २८ सप्टेंबर २०२१. गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं मराठवाडा अन् आपला भाग धुऊन काढला होता. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर आली. पुलावरून पाणी चाललं होतं. गाडी पाण्यात घातली, ती कलंडली अन् वाहून गेली. चार जीव गेले. काठावरच्या लोकांनी काढलेला व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला अन् सगळे एकच बोलले, ड्रायव्हरनं गाडी घालायलाच नको होती.

खरं आहे, नकोच होती. मीही तेच बोललो होतो. पण तेवढं बोलून आपण घरी जातो अन् पुढच्या पावसाळ्यात तोच नाला, तोच पूल तसाच राहतो. म्हणून विचारतो राजेहो, पाणी गुडघाभर आहे की छातीभर, हे ड्रायव्हरनं ओळखायचं कशावरून? गढूळ पाण्याखाली स्लॅब शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी रपट्यांवर कठडा नाही, खोली दाखवणारा खांब नाही, रस्त्याची कड कुठं संपते त्याची खूण नाही. जीवन-मरणाचा निर्णय एका माणसाच्या अंदाजावर सोडायचा अन् चुकला की त्यालाच शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय?

आता थोडा हिशेब करू. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. लहान कारचा तळ अंदाजे सात चौरस मीटर धरा. तळाच्या वर अर्धा फूट पाणी चढलं की ते हजार किलोच्या आसपास वजन उचलायला लागतं, अन् लहान गाडीचं वजनच तेवढं असतं. पाणी आत शिरेपर्यंत गाडी डोंग्यासारखी तरंगते. चाकं जमिनीला टेकत नाहीत, मग स्टिअरिंग अन् ब्रेक दोन्ही बिनकामाचे. ट्रॅक्टर, ट्रक जड म्हणून वाचतील असंही समजू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. माणसाचं तर विचारूच नका, जोराचं पाणी घोट्याच्या वर आलं तरी पाय सुटतो.

आमच्या वडिलांच्या काळी बैलगाडी नाल्यावर यायची. पाणी जास्त असलं की बैल पाय टाकायचा नाही. कितीही तुतारी टोचा, जागचा हलायचा नाही. वडील म्हणायचे, त्याला समजते, तू थांब. ट्रॅक्टरला हे समजत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवाराजवळच्या रपट्यावर मी गाडी लावून थांबलो होतो. मागून एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला, ट्रॉलीत निंदणाऱ्या आठ-दहा बाया. मी हात आडवा केला. तो म्हणाला, "काका, एवढ्याशा पाण्याले भेता का?" गेला. मधोमध ट्रॉलीचं मागचं चाक कडेखाली उतरलं. बाया किंचाळल्या. नशीब की चाक दगडाला टेकून वर आलं. त्या दिवशी तिथं कडेला चार पांढरे खांब असते तर त्याला कड दिसली असती.

पैसा नाही म्हणतात. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी अन् काही गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल पुढच्याच जूनमध्ये उभा राहिला, वर्ष पूर्ण व्हायच्या आत. म्हणजे करायचं म्हटलं तर होते. आधी माणसं मेली पाहिजेत, हीच अट असते काय? अन् मी कुठं नवा पूल मागतो? लोखंडी पाइप, लाल-पांढरा रंग, त्यावर फुटांच्या खुणा. एवढ्याले निधी लागत नाही, नियत लागते.

आता कडू बोलतो, राग मानू नका. अर्धा दोष आपला आहे. रस्त्याच्या कडेची नाली कोणी वखरली? आपणच, दोन तासं जास्त मिळावी म्हणून. मोरीच्या तोंडाशी पऱ्हाट्या अन् तुराट्या कोणी फेकल्या? आपणच. पाइप बुजला की पाणी खालून जात नाही, मग ते रस्त्यावरून जाते अन् जाताना साइडपट्टीची काळी माती पोखरून नेते. उताराच्या दिशेनं पेरतो तेव्हा शेतातली माती वाहून त्याच मोरीत बसते. उताराला आडवी पेरणी केली तर ओल वावरात राहते, माती राहते अन् नाल्यावरचा लोंढाही थोडा उतरतो. कृषी सहायक मंडळी हे आपल्याला वर्षानुवर्षे सांगतात. पण त्यांनाही विनंती, शिवारफेरीत वावर पाहता तशी मोरीही पाहा.

म्हणून पेरणीच्या आधी तीन कामं. एक, आपल्या धुऱ्याजवळची मोरी अन् नाली स्वतः मोकळी करा. दोन, ग्रामसभेत ठराव घ्या अन् ज्याचा रस्ता असेल त्या विभागाला खांब अन् कठड्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीन, रपट्यावरून पाणी असलं की गावातले दोघं दोन्ही काठाला उभे राहा अन् दोर आडवा बांधा. पाणी उतरल्यावरही आधी पायी जाऊन काठीनं रस्ता चाचपा, मगच गाडी घाला.

अडाण नदी दरवर्षी येणार, नाले भरणार. नाल्याचं पाणी दोन-चार तासांत उतरते. तेवढा वेळ पेरणी थांबली तरी चालते. गेलेला माणूस परत येत नाही.

तुमच्या गावातल्या धोक्याच्या रपट्याचा फोटो खाली टाका. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.