स्वस्त का आहे, ते आधी सांग

मी जुने लॅपटॉप ऑनलाइन विकतो. कंपन्यांनी वापरून काढलेले लॉटमध्ये घ्यायचे, उघडून साफ करायचे, एसएसडी बदलायची, विकायचे. गेल्या दिवाळीत दहा थिंकपॅड टी४७० अगदी पडत्या भावात मिळाले. मी ते ९,५०० ला लावले. बाकीचे लोक चौदा-पंधराला विकत होते. तीन आठवड्यांत एक गेला. चॅटवर मात्र चौकशीची रांग: 'भाऊ, चोरीचा आहे का?' 'मदरबोर्ड रिपेअर केलाय?'

एक दोस्त म्हणाला, १३,९९९ कर. केलं. आठवड्यात सहा गेले. तेच मशीन, तेच फोटो, तीच बॅटरी. आणि कुणीही काही विचारलं नाही!

हा किस्सा ऐकून धंद्यातले लोक टाळी देतात. 'गिऱ्हाइकाची सायकॉलॉजी!' मला या टाळीची चीड येते. कारण ज्यांना शंका आली, ते बरोबर होते. स्वस्त असण्याला कारण होतं आणि ते मी लपवलं होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. टी४७० मध्ये सहाव्या-सातव्या पिढीचा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. लॉट स्वस्त मिळाला तो त्यामुळे. मशीन धडधाकट आहे, लिनक्स मजेत चालतं. पण मी लिहिलं काय, तर 'एकदम चकाचक कंडिशन'. (काहीजण तर जुगाड करून विंडोज ११ टाकतात आणि 'लेटेस्ट' म्हणून विकतात. त्यांच्याबद्दल काय बोलणार?)

लॅमिंग्टन रोडवर तुम्ही झाकण उघडून बघता, कीबोर्ड बडवता, शेजारच्या दुकानात भाव काढता. फोनवर यातलं काहीच जमत नाही. फोटो सगळ्यांचे सारखेच गोड. मग किंमत हाच पुरावा उरतो. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच दाखवलं: माल आतून कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर चांगला मालही खराब मालाच्या भावात मोजला जातो. त्यावर उपाय म्हणून आपण काय शोधलं? आकडा फुगवा, म्हणजे शंका मरते. म्हणजे माझ्या गप्प बसण्याचे साडेचार हजार गिऱ्हाइकाने भरायचे.

उरलेले तीन मी १०,५०० ला लावले. पहिल्याच ओळीत लिहिलं: विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून स्वस्त. खाली बॅटरी रिपोर्टचा स्क्रीनशॉट, मूळ क्षमता किती आणि आता उरली किती. सावकाश गेले, पण गेले.

आधीच्या सहा जणांना मेसेज केला: हे मी सांगायला हवं होतं, जास्तीचे पैसे परत देतो, यूपीआय आयडी पाठवा. चौघांनी पाठवला. पाचव्याने विचारलं, 'हा कुठला नवीन फ्रॉड आहे?' सहाव्याने ब्लॉक केलं.