सापाची काळजी सोडा, उंदरांच्या टबाचं बोला

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक तरुण खोकल्यासाठी माझ्याकडे आला होता. निघताना त्याने मोबाइलवर आपल्या बॉल पायथनचा फोटो दाखवला आणि विचारलं, "डॉक्टर, हा बिनविषारी आहे. घरात चालेल ना?"

मी उलट विचारलं, "तो खातो काय?"

तेव्हा कळलं, की वन बीएचकेच्या ड्राय बाल्कनीत दोन टबांत पांढरे उंदीर वाढवले आहेत. बायकोला सापाची भीती वाटते, म्हणून सापाचं सगळं तो बघतो. उंदरांचे टब ती साफ करते. आणि ती तीन महिन्यांची गरोदर आहे.

चिंचवडच्या बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालयात लहानपणी साप पाहिलेल्या कुणाला सापांची आवड लागली, तर मी नाक मुरडणार नाही. फक्त कायदा लक्षात ठेवा. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही नोंदणी करावी लागते. पण डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती उंदरांची.

आधी गर्भवतीबद्दल बोलू. घरातल्या साध्या उंदरांमध्ये एलसीएमव्ही नावाचा विषाणू असू शकतो. असा उंदीर रात्री टबाजवळ फिरला, तर पाळलेल्या उंदरांनाही लागण होऊ शकते. वरून ते धडधाकट दिसतात, पण त्यांच्या लघवीतून, विष्ठेतून आणि लाळेतून विषाणू बाहेर पडतो. टब झटकताना उडालेली धूळ श्वासात जाते. मोठ्या माणसाला बहुधा चार दिवस ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते आणि 'व्हायरल' म्हणून आपण ते सोडून देतो. क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते. गर्भवतीच्या बाबतीत मात्र गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या मेंदूत पाणी साठणं, दृष्टी जाणं असे कायमचे परिणाम होऊ शकतात. यावर लस नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सापांच्या खाद्यासाठी उंदीर वाढवणाऱ्या केंद्रातल्या काही कामगारांना ही लागण झाली होती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरात गर्भवती असेल, तर उंदीर वाढवू नका. 'ती हात लावत नाही' एवढं पुरेसं नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात हवा सगळ्यांची एकच असते.

दुसरा प्रश्न दम्याचा. उंदराच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी होते. प्रयोगशाळेत उंदरांबरोबर काम करणाऱ्यांमध्ये हा ओळखीचा आजार आहे. आधीच कारखान्याची धूळ खाणाऱ्या छातीला हे आणखी कशाला? त्या तरुणाचा खोकला सुट्टीच्या दिवशीही घरी वाढत होता, ही गोष्ट मला उगाच खटकली नव्हती.

आता थोडा हिशोब. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं देते आणि बाळंत झाल्यावर एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. ती पिल्लं सहा आठवड्यांत स्वतः वीण घालू लागतात. मोठ्या बॉल पायथनला आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खाणं लागतं. म्हणजे एका सापासाठी एक जोडी ठेवली, तरी उंदीर उरतातच. मग ते सोसायटीच्या डक्टमध्ये सोडले जातात. कृपया असं करू नका.

"मग गोठवलेले आणू का?" हो, माझ्या मते तेच बरं. रोज टब हाताळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा हातमोजे घालून एक उंदीर हाताळणं कमी धोक्याचं. पण गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशा गोठवलेल्या उंदरांमुळे शेकडो लोकांना जुलाब-तापाचा त्रास झाला. त्यामुळे ते पनीर-मटाराच्या फ्रीजरमध्ये नकोत आणि मायक्रोवेव्हमध्येही नकोत. सापाच्या अंगावरही साल्मोनेला असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना साप आणि उंदीर, दोन्हींपासून लांब ठेवा.

टब रिकामे करायचे असतील, तर गर्भवतीने त्या खोलीत थांबू नये. मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा. कोरडा झाडू मारू नका. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं द्रावण शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग पुसून घ्या. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काहीही धुऊ नका.

उंदीर चावला, तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा हातापायांवर पुरळ आलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि चावल्याचं आठवणीने सांगा. हा आजार पेनिसिलिनने बरा होतो, पण आधी तो सुचला पाहिजे. घरात उंदीर पाळले आहेत हे रुग्ण लाजून सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही. मी आता विचारतो.