जीवा आणि शर

वर्तुळाचे आणि माझे सख्य कधीच नव्हते. शाळेत कर्कटकाचे टोक वहीपेक्षा माझ्या बोटातच अधिक वेळा रुतले. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि त्या संकटातून कायमचा सुटलो, असे मी समजत होतो. पण आनुवंशिक गोष्टी चुकतात थोड्याच! यंदा सहामाहीला आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी भूमितीत ४० पैकी ९ गुण मिळवले. ‘‘मला ते कळणारच नाही,’’ म्हणून पुस्तक मिटले. घरात कोणी कोणाशी बोलेना.

अशातच आमच्या भोसरीतल्या गिरणीची पुली फुटली. दिवाळी आठ दिवसांवर, आणि गिरणीपुढे भाजणीच्या डब्यांची ही रांग! पुलीचे बाकीचे तुकडे भंगारात गेलेले. एकच हाती राहिलेला. आमचाही डबा रांगेत होता, तेव्हा गिरणीवाल्याबरोबर आम्ही बापलेकही एम.आय.डी.सी.तल्या एका शेडमध्ये जाऊन थडकलो.

मिस्त्री सातवी शिकलेले. तुकडा न्याहाळून म्हणाले, ‘‘भोक मोटारीच्या दांड्यावरून घेऊ. पुली केवढी, तेवढं काढायचं.’’ कडेच्या दोन टोकांवर त्यांनी आडवी पट्टी टेकवली : १२ सेंटिमीटर. तिच्या मध्यापासून कडेच्या फुगवट्यापर्यंत मोजले : २. ‘‘बाराचं निम्मं सहा. साही सक छत्तीस. भागिले दोन, अठरा. वर ते दोन मिळवा. २० सेंटिमीटरची पुली, सर!’’

‘‘पण असं का?’’

‘‘ते नाही ठाऊक. उस्तादांनी शिकवलं. कधी चुकलं नाही.’’

एवढ्यात चिरंजीव खडू घेऊन जमिनीवर बसले. पुरे वर्तुळ काढले, त्यात आडवी रेघ, आणि तिला मधोमध काटकोनात छेदणारा व्यास. ‘‘बाबा, हे पाठ केलं होतं मी! दोन जीवा एकमेकींना छेदल्या, की एकीच्या दोन भागांचा गुणाकार दुसरीच्या भागांच्या गुणाकाराइतकाच. इकडे सहा गुणिले सहा. तिकडे दोन गुणिले... अठराच हवेत! अठरा नि दोन, वीस!’’

मिस्त्री खाली वाकून पाहत राहिले. इतक्या वर्षांचा हिशेब त्यांनाही आज उमगला होता.

माझ्या वाट्याला उरले शब्द. परिघाचा तुकडा तो चाप, म्हणजे धनुष्य. त्याची टोके जोडणारी जीवा, म्हणजे दोरी. दोरीच्या मध्यापासून चापापर्यंतचा तो शर, म्हणजे बाण. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त मिस्त्रींचाच हिशेब आहे. तिथे व्यास १०, जीवा ६ आणि शर १. वाचकहो, करून पाहा : तीन त्रिक नऊ, भागिले एक, अधिक एक.

‘‘म्हणजे आमचे उस्ताद बरेच जुने म्हणायचे!’’ मिस्त्री हसले.

संध्याकाळी गिरणी सुरू झाली. भाजणी आली, चकल्या झाल्या. ‘‘किती छान गोल झाल्यात!’’ मी म्हणालो.

‘‘हे वर्तुळ नव्हे, बाबा,’’ चिरंजीव तोंडात घास धरून म्हणाले, ‘‘हिची त्रिज्या सारखी वाढतेय!’’